१९७८ ची पद्मिनी आणि एसी: कामाच्या नोंदी, सांगली

६ फेब्रुवारी २०२५ : सुरुवातीची मापं

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७८. इंजिन १०८९ सीसी, सोलेक्स कार्ब्युरेटर, डायनॅमो, गिअर स्टिअरिंगवर. इंजिन दोन वर्षांपूर्वी बांधून झालंय, पत्रा चांगला आहे. एसीचा एक स्क्रूही आणण्याआधी गाडीची मापं लिहून ठेवली. नंतर पाणी तापायला लागलं तर ते एसीमुळे तापतंय की आधीपासूनच तापत होतं, हे सांगायला दुसरं काही हाताशी राहत नाही.

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला १२२ ते १२८ पीएसआय. बाहेर ३४ अंश असताना इंजिनच्या पाण्याच्या थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर इन्फ्रारेड गन धरली: चालत्या गाडीत ८२, बोनेट बंद करून १५ मिनिटं आयडलवर उभी ठेवल्यावर ९३. हेडलाइट लावून आयडलवर बॅटरीचे व्होल्ट ११.९. अॅव्हरेज १२.८ किलोमीटर.

९३ अंश आणि ११.९ व्होल्ट, या दोन आकड्यांवरून कामाचा क्रम ठरला. आधी करंट, मग पाणी, मग हवा, गॅस सगळ्यात शेवटी. एसीवाले सहसा उलटं करतात. दोन दिवसांत युनिट टांगून गॅस भरतात, गाडी थंड होते आणि एप्रिलच्या पहिल्या ट्रॅफिकमध्ये उकळते. मग दोष जुन्या गाडीवर जातो.

१० फेब्रुवारी : डायनॅमो उतरवला

करंटचा हिशेब असा. ब्लोअर पूर्ण वेगावर ९ अँपियर, कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलचा) फॅन ९, कॉम्प्रेसर जोडणारा-तोडणारा विजेचा क्लच (पुढे 'क्लच' म्हणजे हाच) ४, हेडलाइट ९, वर इग्निशन आणि मागचे दिवे. पस्तिशीच्या घरात जातो. डायनॅमो फार तर वीस देतो, आणि आयडलवर जवळजवळ काहीच देत नाही. एसीला करंट हवा असतो तो नेमका आयडलवर. त्यामुळे ५५ अँपियरचा, आतच रेग्युलेटर असलेला रीकंडिशन्ड अल्टरनेटर बसवला. जुनी कट-आउटची पेटी जागेवर ठेवली, पण आतून रिकामी.

डायनॅमोची जुनी जाड वायर वापरायची नाही, तिचा जीव तेवढा नाही. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी १० चौरस मिमीची वायर टाकली, मध्ये ६० अँपियरचा फ्यूज. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टीही नवी केली, जुनी हिरवी पडली होती.

इथे एक दिवस गेला. अल्टरनेटर चार्जच करेना. काढून बेंचवर लावला तर व्यवस्थित चालतो. कारण मीटरमध्ये सापडलं: चार्जिंगच्या लाल दिव्याच्या जागी आधी कुणीतरी एलईडी घातला होता. अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो आणि एलईडीतून तो पुरेसा जात नाही. साधा ३ वॅटचा बल्ब घातला, काम झालं. आता हेडलाइट लावून आयडलवर १३.६, वेगात १४.२.

१७ फेब्रुवारी : रेडिएटर

जुना कोअर दोन ओळींचा. वरची-खालची टाकी तीच ठेवून तीन ओळींचा कोअर घालून घेतला. रेडिएटरवाल्याकडे चार दिवस. तोवर ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा धुऊन घेतल्या, पहिल्या तीन बादल्या विटकरी रंगाच्या निघाल्या.

पद्मिनीच्या फॅनला श्राउड (फॅनभोवतीचं पत्र्याचं कव्हर) नाही. श्राउडशिवाय फॅन रेडिएटरच्या मधल्या गोलातूनच हवा ओढतो, चारही कोपरे कोरडे राहतात. कुपवाड एमआयडीसीतून १ मिमी पत्र्याचं श्राउड वाकवून आणलं. पाती निम्मी आत, निम्मी बाहेर, भोवती १८ मिमी मोकळी जागा. यापेक्षा जवळ आणू नका: इंजिन रबरवर हलतं, श्राउड बॉडीला असतं, झटका बसला की पातं घासतं.

तेच माप पुन्हा घेतलं: १५ मिनिटं आयडल, बाहेर ३५, हाउसिंगवर ८६.

२५ फेब्रुवारी ते ८ मार्च : क्रँक पुली

सगळ्यात जास्त वेळ या पुलीने खाल्ला, म्हणून सविस्तर लिहितो.

मूळ पुलीला एकच खाच आहे. तिच्यावरून पाण्याचा पंप, फॅन आणि अल्टरनेटर फिरतो. त्याच बेल्टवर कॉम्प्रेसर टाकायचा नाही. कॉम्प्रेसर जाम झाला तर बेल्ट जातो, बेल्टबरोबर पाणी जातं आणि पाण्याबरोबर इंजिन. दुसरी खाच हवीच.

मूळ पुलीच्या तोंडावर चार एम-६ बोल्टने कसायची ११२ मिमीची जोड-पुली लेथवर करून घेतली. कॉम्प्रेसरची पुली १२५ मिमी. म्हणजे इंजिन ९०० वर असताना कॉम्प्रेसर साधारण ८०० वर.

पहिल्या पुलीत दोन चुका होत्या, दोन्ही आमच्या ड्रॉइंगमधल्या. लेथवाल्यांनी कागदावर होतं तसंच केलं होतं.

पहिली चूक कोनाची. व्ही-बेल्टचा कोन ४० अंश असतो म्हणून खाचही ४० अंशांची लिहिली. पण बेल्ट पुलीवर वळला की आतल्या बाजूला फुगतो आणि त्याचा कोन कमी होतो. पुली जितकी लहान, तितका जास्त कमी. ११२ मिमीच्या पुलीला ३४ अंशांची खाच लागते. ४० अंशांच्या खाचेत बेल्ट फक्त तळाच्या कडांवर टेकला. नुसतं इंजिन चालवून बघितलं तेव्हा काही कळलं नाही. क्लच लावला की किंकाळी. टेन्शन वाढवलं, किंकाळी तशीच. बेल्ट काढून बघितला तर दोन्ही बाजूंना खालच्या तिसऱ्या भागातच चमक होती, वरचा भाग कोरा. ही खूण दिसली की टेन्शन वाढवत बसू नका, खाच मोजा.

दुसरी चूक मध्य धरण्याची. जोड-पुली बोल्टांच्या भोकांवरच मध्यात बसेल असं धरलं होतं. एम-६ बोल्टला ६.५ चं भोक, तेवढी ढिलाई पुरली. डायल गेज लावला तर ०.४ मिमी डगमग. दुसऱ्या पुलीला मागे ३ मिमी उंचीचा गोल खांदा ठेवला. तो मूळ पुलीच्या मधल्या भोकात घट्ट बसतो आणि मध्य तोच धरतो, बोल्ट फक्त दाबून ठेवतात. आता डगमग ०.०८. बोल्टना लाल थ्रेडलॉक आणि खाली स्प्रिंग वॉशर.

१२ मार्च : ब्रॅकेट

ब्रॅकेटला नियम एकच: इंजिनवर सुरू, इंजिनवरच संपणार. कॉम्प्रेसरचा एक पाय बॉडीला टेकवला की इंजिन हलताना बेल्ट सैल-घट्ट होतो आणि वेल्डिंग तुटतं. कॉम्प्रेसर एक्झॉस्टपासून हाताच्या पंजाइतका तरी लांब ठेवला, मध्ये पत्र्याचा आडोसा. सँडनच्या पाच सिलिंडरच्या कॉम्प्रेसरला तेलाचा बोल्ट वर किंवा फार तर आडवा चालतो, खाली कधीच नाही.

आधी ५ मिमीच्या पट्टीचं ब्रॅकेट केलं. बेल्टची रांग दोरा ताणून बघितली तर ३ मिमी बाहेर, वॉशर घालून भागवलं. ती घाई महागात पडली, पुढे २ एप्रिलची नोंद बघा.

१६ मार्च : कंडेन्सर आणि फॅन

पॅरलल-फ्लो कंडेन्सर, १२ बाय २२ इंच. हॉर्न खाली सरकवले, बोनेटच्या कुलपाची पट्टी १५ मिमी पुढे घेतली. कंडेन्सर आणि रेडिएटरमध्ये अंतर १२ मिमी. पहिल्या मांडणीत ते ४० मिमी राहिलं होतं. तेवढी फट असली की रेडिएटरचा फॅन कंडेन्सरमधून हवा ओढायचं सोडून फटीतून ओढतो. चारही कोपऱ्यांना रबर बुश. कोअरमधून आरपार जाणारे प्लॅस्टिकचे टाय वापरू नका, घासून नळी फुटते.

१२ इंची फॅन कंडेन्सरच्या पुढे, जाळीमागे. म्हणजे हवा मागे ढकलणारा. रिलेवरून, २० अँपियर फ्यूज.

२२ मार्च : आतलं युनिट

पद्मिनीत गिअर स्टिअरिंगवर असल्याने डॅशबोर्डखाली मधली जागा मोकळी मिळते. खाली टांगायचं, हवा सोडणाऱ्या तीन तोंडांचं युनिट तिथे नीट बसलं. टांगायला डॅशबोर्डचा पत्रा पुरेसा नाही, मागून ३ मिमीची पट्टी दिली. पाण्याची नळी आधी सरळ खाली सोडली होती. ब्लोअर जोरात चालला की पाणी खाली जायच्या ऐवजी ट्रेमध्येच साठत होतं, कारण नळीतून हवा उलटी वर ओढली जात होती. नळीला तळाशी यू आकाराचा वळसा दिला, त्यात पाणी अडून राहतं आणि हवा बंद होते. पायावर पाणी पडतंय अशी तक्रार असलेल्या जुन्या युनिटांत आधी हे बघावं.

पुढच्या पत्र्याला दोन भोकं, कडांना रबर ग्रोमेट. कापलेल्या पत्र्याला लगेच प्रायमर.

२७ मार्च : पाइप आणि नायट्रोजन

लिक्विडला (कंडेन्सरकडून युनिटकडे) ६ नंबर, डिस्चार्जला (कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे) ८, सक्शनला (युनिटकडून परत कॉम्प्रेसरकडे) १० नंबर पाइप. सगळे ओ-रिंग हिरवे, आर-१३४ए या एसीच्या गॅसला चालणारे. बसवताना प्रत्येक ओ-रिंगला खनिज तेलाचं बोट लावलं. पीएजी तेल (कॉम्प्रेसरमधलं) हवेतलं पाणी शोषतं, ते आट्यांवर लावलं तर जोड आतून गंजतो. कसताना कायम दोन पाने, नाहीतर कंडेन्सरची ॲल्युमिनियमची नळी पिळली जाते.

गॅरेजच्या कॉम्प्रेसरची साधी हवा भरून लीक बघायचा नाही, तिच्यात पाणी असतं. नायट्रोजन १५० पीएसआय भरून रात्रभर ठेवला. संध्याकाळी ३८ अंशांना १५०, सकाळी २४ अंशांना १४३. बघून वाटतं लीक आहे. नाही. गार झाल्यावर दाब उतरतोच, आणि एवढ्या फरकाला सात पीएसआय उतरणं बरोबर बसतं. दुपारी गाडी तापल्यावर काटा पुन्हा १५० वर आला. भरताना तापमान लिहून ठेवलं नसतं तर सगळे जोड उगाच पुन्हा खोलले असते.

३० मार्चला पाडवा, काम बंद.

३१ मार्च : व्हॅक्यूम आणि पहिला गॅस

व्हॅक्यूम पंप ४५ मिनिटं. गेजचा काटा २८ इंचांवर थांबला, पुढे जाईना. पुस्तकात २९.९ असतं, ते समुद्रकाठचं. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, इथे हवेचाच दाब २८ इंच. सातारकरांना साडेसत्तावीसपर्यंतच दिसेल. पंप खराब समजून बदलू नका. व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास काटा हलला नाही, हे महत्त्वाचं.

गॅस वजनावर भरला, काट्यावर सिलिंडर ठेवून. या गाडीला किती लागतो हे कुठेच लिहिलेलं नाही. त्यामुळे साधारण ४०० ग्रॅमपासून ५०-५० ने वाढवत गेलो, दर वेळी पाच मिनिटं थांबून तोंडावरचं तापमान आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून निघालेल्या गॅसचा दाब) लिहिली. ६४० ला सगळ्यात गार. ६९० ला हाय साइड चढली आणि तोंडावर काही फरक नाही. तिथून मागे आलो. ड्रायरवरच्या (गॅसमधलं पाणी शोषणाऱ्या डब्यावरच्या) काचेतला फेस जाईपर्यंत भरायची सवय आर-१२ या जुन्या गॅसच्या काळातली आहे. आर-१३४ए त्या काचेवर भरला तर हमखास जास्त जातो.

२ एप्रिल : कॉम्प्रेसर मोठा पडला, ब्रॅकेट तुटलं

सल्ल्यावरून जुना ५०८ कॉम्प्रेसर घेतला होता, सगळीकडे मिळतो आणि मजबूत आहे म्हणून. एका फेरीत तो १३८ घन सेंमी ओढतो. या इंजिनात आहेत चाळीस-बेचाळीस हॉर्सपॉवर. क्लच लागला की गाडी मागून कुणी धरल्यासारखी थांबते. आयडलवर तीनातून दोनदा बंद पडते. आयडल ११०० वर नेलं तर गिअर पडताना खडखडाट.

दोनशे ऐंशी किलोमीटरवर ब्रॅकेटच्या वेल्डिंगला चीर दिसली. पट्टी पातळ होतीच, वर त्या ३ मिमी तिरक्या रांगेने बेल्टची एक बाजू खाल्ली होती. बेल्टखाली काळी पूड साचलेली.

दोन्ही काढलं. ५०५ आणला, नवा. ८७ घन सेंमी. ब्रॅकेट १० मिमी प्लेटचं, दोन आडव्या त्रिकोणी आधारांसह, ब्लॉकला तीन बोल्टवर. रांग १ मिमीच्या आत. अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट मध्यावर १० मिमी दबतो. क्लचची फट फीलर गेजने ०.५ मिमी (०.४ ते ०.८ चालते).

सिस्टिम उघडली म्हणजे नवा ड्रायर. त्याची टोपणं सगळ्यात शेवटी, व्हॅक्यूम लावायच्या पाच मिनिटं आधी काढायची. गॅस भरल्यावर इंजिन सुरू करण्याआधी क्लचची पुढची प्लेट हाताने दहा वेळा फिरवली, आत द्रवरूप गॅस साचला असेल तर पहिल्याच झटक्यात व्हॉल्व्ह प्लेट जाते.

५ एप्रिल : व्हॉल्व्हही मोठा

लो साइडचा (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसच्या दाबाचा) काटा २० आणि ४५ च्या मध्ये झुलतोय, तोंडावर कधी ८ अंश, कधी १५. युनिटबरोबर आलेला एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (युनिटच्या कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा) दीड टनाचा होता. ५०८ बरोबर ते झाकलं गेलं होतं. लहान कॉम्प्रेसरला तो एकदा जास्त सोडतो, एकदा मिटून घेतो. एक टनाचा लावला, काटा ३२ वर स्थिर. ही अदलाबदल कॉम्प्रेसरबरोबरच केली असती तर एक गॅस वाचला असता.

८ एप्रिल : आयडल-अप

कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० एसीला असते तीच व्यवस्था: व्हॅक्यूमवर चालणारा डायफ्राम आणि विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह. क्लचच्या वायरवरून व्हॉल्व्हला करंट, व्हॉल्व्ह मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम डायफ्रामला सोडतो, डायफ्राम थ्रॉटलची दांडी जरा ओढतो. सोलेक्सच्या दांडीसाठी २ मिमी पत्र्याचा छोटा कान करावा लागला. एसी बंद असताना ८००, चालू असताना ९००. क्लच लागताना सुई ७०० पर्यंत पडते आणि परत येते. इंजिन बंद पडायचं थांबलं.

क्लचच्या कॉइलवर डायोड उलटा जोडायला विसरू नका, त्याशिवाय कॉइलचा करंट तुटताना येणारा झटका रिलेचे पॉइंट जाळतो.

१४ एप्रिल : मार्केट यार्ड

खरी परीक्षा घाटात नाही, रांगेत. हळदीच्या हंगामात मार्केट यार्डाबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे गाडी अर्धा तास हलत नाही, आणि ट्रॉलीचा सायलेन्सर नेमका समोर असतो. बाहेर ३९ अंश. अकराव्या मिनिटाला हाय साइड ३१० पीएसआय, पंधराव्याला प्रेशर स्विचने क्लच तोडला. पाणी ९८. स्विचने आपलं काम केलं, नाहीतर पाइप गेला असता.

या तापमानाला हाय साइड २२० ते २५० असायला हवी. गॅस जास्त नव्हता, वजन लिहिलेलं होतं. मग हवेकडे वळलो. अंगणात गाडी आयडलवर ठेवून पुढच्या जाळीसमोर उदबत्ती धरली. धूर जाळीत ओढला जायच्या ऐवजी वितभर पुढे येऊन वर वळत होता. फॅन उलटा फिरत होता. वायरिंग नीट बांधताना दोन वायरी बदलल्या गेल्या होत्या. डीसी मोटर कुठल्याही दिशेला तितक्याच आवाजात फिरते, कानाला काही कळत नाही. उदबत्ती पाच मिनिटांची, ती ३१ मार्चलाच धरायला हवी होती.

वायरी बदलल्यावर २७०. अजून वीस जास्त. उदबत्ती खाली, बंपरखाली नेली. रेडिएटरमधून निघालेली गरम हवा खालून पुढे येऊन परत जाळीत शिरत होती. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या चारही कडांना फोम रबरची पट्टी, खाली बंपरपासून क्रॉसमेंबरपर्यंत पत्रा. दोनशे रुपयांचं सामान, हाय साइड २३५. पाणी ९१. माझ्या मते या सगळ्या कामात इतका फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही.

१९ एप्रिल : कॉइलवर बर्फ

तासगावला जाऊन येताना चाळीस मिनिटांनी हवा कमी होत गेली, ब्लोअरचा आवाज तसाच. युनिट उघडलं तर कॉइलचा डावा अर्धा भाग पांढरा. एसीच्या थर्मोस्टॅटची (कॉइल फार गार झाली की क्लच तोडणाऱ्या स्विचची) बारीक नळी पात्यांमधून सरकून बाहेर लोंबत होती, तिला गाडीतली हवा लागत होती, म्हणून तो क्लच तोडतच नव्हता. नळी पात्यांमध्ये ५० मिमी आत, कॉइल सगळ्यात गार असते त्या जागी, आणि टोक प्लॅस्टिकच्या क्लिपने धरलं. ३ अंशांना तुटतो, ६ ला लागतो.

२४ एप्रिल : गळती गाडीची

गॅस बरोबर, हवा बरोबर, तरी दुपारी आत २९ च्या खाली येईना. गाडीच गळकी आहे. ब्लोअर जोरात लावून, काचा बंद करून पुन्हा उदबत्ती. पेडलच्या दांड्यांभोवती, चोकच्या केबलच्या भोकातून, त्रिकोणी काचांच्या रबरातून धूर हलत होता. पेडलना कातड्याचे बूट, केबलना ग्रोमेट, त्रिकोणी काचांना नवं रबर. पुढच्या पत्र्याला आतून आणि जमिनीला २ मिमी बुटाइल रबर, वर ६ मिमी फोम. छताचं कापड आधीच उतरलेलं होतं, तिथेही तेच. कापड चढवल्यावर पुन्हा ते करता येत नाही.

आत २९ चे २६ झाले, गॅसला हात न लावता.

३ मे : यवतेश्वर

सांगली, पेठ नाका, कराड, सातारा, सुमारे सव्वाशे किलोमीटर, पुढे यवतेश्वर घाट. महामार्गावर तोंडावर ८ अंश, पाणी ८५, तक्रार नाही. घाटात तिसऱ्या वळणाला गाडीने धक्के दिले आणि थांबली. पेट्रोल पंपाची काचेची वाटी अर्धी, आत बुडबुडे. व्हेपर लॉक, म्हणजे नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं. कंडेन्सरची उष्णता आता बोनेटमध्ये येते आणि पेट्रोलची नळी त्याच गरम हवेत आहे. ओलं फडकं टाकून वीस मिनिटांनी निघालो.

दोन बदल केले. पेट्रोलची नळी एक्झॉस्टच्या बाजूने काढून दुसरीकडून फिरवली, वर उष्णतारोधक बाही. आणि अॅक्सिलरेटरच्या दांडीवर मायक्रोस्विच: पेडल तीन-चतुर्थांशाच्या पुढे गेलं की क्लच तुटतो. चढावर आणि ओव्हरटेकला सगळी ताकद चाकांना मिळते, आतला गारवा तेवढ्या अर्ध्या मिनिटात जात नाही. १० मेला तोच घाट, दुपारी दीड वाजता, न थांबता.

१७ मे : गॅस कमी

थंडावा किंचित उतरला. सगळे जोड साबणाने आणि गळती दाखवणारा डाय टाकून बघितले, कुठेच खूण नाही. मिरजेत रिकव्हरी मशीनवर गॅस काढून मोजला: ६४० चे ५२०. दीड महिन्यात १२० ग्रॅम.

सक्शनचा पाइप साध्या रबराचा निघाला. बाकी दोन बॅरियर होज होते, हा एक जुन्या साठ्यातला. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. आर-१३४ए रबरातूनच हळूहळू झिरपतो, जोडातून नव्हे, म्हणून ना साबण फुगतो ना डाय दिसतो, आणि नायट्रोजनही एका रात्रीत हे सांगत नाही. पाइप घेताना कापलेलं तोंड बघा: बॅरियर पाइपात रबराच्या मध्ये पातळ नायलॉनचा थर वेगळा दिसतो. नवा पाइप, नवा ड्रायर, नवा गॅस.

२० मे : खर्च

अल्टरनेटर, वायर ५,८००. रेडिएटर ६,५००. पुल्या ३,४००. ब्रॅकेट ३,१००. कॉम्प्रेसर ९,८००, शिवाय ५०८ परत देताना तुटलेले १,५००. कंडेन्सर, फॅन, श्राउड ७,२००. आतलं युनिट आणि दोन्ही व्हॉल्व्ह ९,६००. पाइप ७,५००. तीन ड्रायर २,७००. गॅस, तेल, नायट्रोजन, रिकव्हरी ६,२००. रिले, स्विच, आयडल-अप ३,९००. बुटाइल, फोम, रबर ६,३००. एकूण ७३,५०० रुपये, मजुरी सोडून. त्यातले १२,१०० केवळ पुन्हा करण्यात गेले. कामाचे दिवस ३१, त्यातले १३ दुरुस्तीचे.

२१ मे : आजची मापं

बाहेर ३६, दुपारी दोन, गाडी उन्हात तासभर उभी. आत ५१. वीस मिनिटं चालवल्यावर २६. तोंडावर आयडलला १३, रस्त्यावर ८. लो साइड ३२, हाय साइड २३०. पाणी १५ मिनिटं आयडलनंतर ९०. हेडलाइट, ब्लोअर, फॅन सगळं चालू असताना आयडलवर १३.२ व्होल्ट. अॅव्हरेज एसीसह १०.३. बेल्टच्या दोन्ही बाजू वरपासून खालपर्यंत सारख्या चमकतायत. ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर पांढरा चुना फासून ठेवलाय, चीर गेली तर त्यात रेघ दिसेल. पुढची पाहणी हजार किलोमीटरला.